डोंगरीच्या भिंती आणि लोकांचीं मुलें

आगरकरांचें 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशें एक दिवस' हें छोटेखानी पुस्तक ज्यानें वाचलें नाहीं असा सुशिक्षित मराठी मनुष्य मागल्या पिढीपर्यंत विरळाच सांपडे. कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत टिळक व आगरकर यांना १८८२ सालीं शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी भागांतील तुरुंगांत त्यांनीं ते दिवस काढले, हें सर्वश्रुत आहे. त्या तुरुंगाचें पुढें काय झालें हें मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें. १९२७ सालीं मुंबईंत मुलांसाठीं स्वतंत्र न्यायालय सुरू झालें आणि त्याच वर्षीं चिल्ड्रेन्स एड सोसायटी ही संस्था स्थापन झाली. रस्त्यांत सांपडलेलीं, घरच्यांनीं टाकलेलीं, चोरीच्या संशयावरून धरलेलीं मुलें निकाल होईपर्यंत ठेवावयाचीं कोठें, हा प्रश्न उभा राहिला. त्यांच्यासाठीं जें रिमांड होम झालें तें उमरखाडीच्या त्याच जुन्या तुरुंगाच्या आवारांत! ज्या भिंती एका पिढीनें संपादकांना कोंडण्यासाठीं वापरल्या, त्याच पुढच्या पिढीला निराधार बालकांच्या रक्षणास योग्य वाटल्या.

यांत केवळ सरकारी काटकसर होती असें म्हणून भागणार नाहीं. मुलाचें रक्षण करावयाचें म्हणजे त्याच्याभोवतीं भिंत बांधावयाची, ही समजूत त्या काळच्या पुष्कळ सज्जनांच्याही मनांत पक्की होती, आणि ती आपल्याही मनांतून अजून गेलेली नाहीं. गेल्या पावणेदोनशें वर्षांत या देशांत बालकांसाठीं जे कायदे झाले व जीं कामें उभीं राहिलीं, त्यांकडे दयाबुद्धीच्या चढत्या पायऱ्या म्हणून पाहण्याची आपल्याला संवय आहे. परंतु जरा बारकाईनें पाहिलें असतां निराळेंच चित्र दिसतें. प्रत्येक पिढीनें 'मुलाला वाचवावयाचें तें कोणापासून?' या प्रश्नाचें वेगळें उत्तर दिलें, आणि एका पिढीनें योजिलेला उपाय हाच कित्येकदां दुसऱ्या पिढीला अपाय म्हणून निस्तरावा लागला.

कायद्याच्या आधीं आपल्याकडे कांहींच नव्हतें असें नाहीं. पोरका पुतण्या काकाच्या घरीं वाढे, भाची मामाकडे राही. गरीब विद्यार्थ्याला माधुकरी मिळे. कोणी वार लावून जेवे, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरीं त्याचें पान मांडलेलें असे. आमच्या आजोबांच्या वाड्यांतही असा एक मुलगा गुरुवारीं जेवावयास येई. मी लहान असतांना तो मुलगा, आतां चांगला पिकल्या केसांचा गृहस्थ, एकदां आजीला भेटावयास आला होता. बोलतां बोलतां तो म्हणाला, "काकू, सातही घरीं मला पोटभर अन्न मिळालें, कोणाला नांव ठेवणार नाहीं. पण बाकीच्या घरीं मी सोमवारचा मुलगा, मंगळवारचा मुलगा असा होतों. तुम्ही तेवढ्या मला नांवानें हांक मारीत होतां." आजीला त्या गोष्टीची आठवणही नव्हती. त्या गृहस्थांना ती पन्नास वर्षें पुरली होती.

या जुन्या व्यवस्थेचा गुण त्या बोलण्यांत आहे, आणि दोषही त्यांतच आहे. अन्न मिळे, घर मिळेलच असें नाहीं. आणि वाराचें अन्नसुद्धां बहुधा जात पाहून मिळे. शिवाय ज्या मुलाच्या जन्माचीच घराण्याला लाज वाटे, त्याला ना काका होता ना मामा. विधवेच्या पोटीं आलेल्या अर्भकाची गति काय होई, हें गांवच्या आडाला विचारावें.

या ठिकाणीं सरकारचा कायदा होता, पण तो गुन्हा घडून गेल्यावर येणारा. बालहत्या हा खून समजावा असें बंगालच्या १७९५ च्या रेग्युलेशननें ठरविलें. मुंबई इलाख्यांत कर्नल वॉकर यांनीं १८०७-०८ च्या सुमारास काठेवाडांतील जाडेजा रजपुतांकडून मुली न मारण्याचे करार लिहून घेतले. १८७० सालीं मुलींच्या हत्येविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. या सर्वांचा प्रश्न एकच होता : मारलें कोणी? पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें तेव्हां प्रश्नच बदलला. मारलें कोणी हें न विचारतां, मारण्याची पाळी कां आली हें त्यांनीं विचारलें. येथें या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यावयाचें तर न्या, न न्यावयाचें तर आमच्यापाशीं ठेवा. असें त्या गृहाचें सांगणें होतें. म्हणजे मुलाला वाचवावयाचें तें आईपासून नव्हे, आईला वेड्यासारखें करून सोडणाऱ्या समाजापासून. मूल वाचवावयाचें तर आधीं आई वाचविली पाहिजे, हें तत्त्व आज समाजकार्याच्या शाळांतून शिकवितात. पुण्याच्या त्या घरांत तें विनाव्याख्यान आचरिलें जात होतें. आणि त्या दांपत्यानें १८७४ सालीं जो यशवंत दत्तक घेतला, तोही एका ब्राह्मण विधवेच्या पोटचा मुलगा होता. ज्याचा जन्म लपविण्यासारखा मानला गेला, त्याला त्यांनीं निवारा देऊन न थांबतां आपलें नांव दिलें.

पुढें १८७५ त पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें प्रार्थनासमाजाचें असेंच गृह निघालें, आणि पाठोपाठ आलेल्या १८७६-७८ च्या दुष्काळानें अनाथाश्रमाची गरज किती आहे तें सर्वांना दाखवून दिलें. तरीही १८८१ त सुरतेला विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला आपलें मूल मारल्याबद्दल प्रथम फांशीची शिक्षा झालीच. ती पुढें कमी करण्यांत आली. पण त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिलें. पुरुष कोठें आहे, हा त्यांचा सवाल अद्याप पुरता शिळा झालेला नाहीं.

सरकारी धोरणाचा ओघ मात्र निराळ्या दिशेनें वाहत होता. १८५० च्या अप्रेंटिसेस कायद्यान्वयें दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ व गरीब मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखालीं करारानें बांधून देण्याची सोय झाली. १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या औदार्यानें मुंबईंत सुधारशाळा उभी राहिली. १८६० च्या दंडसंहितेनें सात वर्षांखालील मुलाचें कृत्य गुन्हाच नव्हे असें ठरविलें, आणि सात ते बारा या वयांत मुलाची समज पाहावी असें सांगितलें. पण लगेच १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यानें बालगुन्हेगाराला वेत मारण्याची मुभा दिली! एका हातानें समज पाहावयाची आणि दुसऱ्या हातांत वेत धरावयाचा, असा हा प्रकार होता; आणि तो वेत कायद्याच्या पुस्तकांतून जाण्यास १९५५ साल उजाडावें लागलें.

ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर या बाई १८६६ सालीं हिंदुस्थानांत आल्या. बालगुन्हेगारांना तुरुंगांत न घालतां शाळेंत ठेवावें यासाठीं त्यांनीं इंग्लंडांत पुष्कळ झगडा केला होता, आणि येथेंही त्यांनीं तीच मागणी लावून धरली. १८७६ चा व नंतर १८९७ चा रिफॉर्मेटरी शाळांचा कायदा हें त्या विचाराचें फळ. पंधरा वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजीं तीन ते सात वर्षें सुधारशाळेंत ठेवतां येऊं लागलें. सुधारणा खरीच मोठी होती. पण तिचा हिशेब नीट मांडला पाहिजे. क्षुल्लक चोरीसाठीं प्रौढाला महिनाभर कैद झाली असती, तेथें दहा वर्षांच्या पोराला त्याच्याच हितासाठीं पुरीं सात वर्षें घरापासून दूर राहतां येई. त्याच्या आईबापांचें काय म्हणणें आहे, तें कोणी फारसें विचारीत नसे. आणि कायद्यांत शब्द होता 'मुलगा'. मुलीचा त्यांत विचारच नव्हता. थोडक्यांत, मुलापासून समाज वाचवावयाचा आणि जमल्यास मुलालाही त्याच्या संगतीपासून वाचवावयाचें, असें हें धोरण होतें.

याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांतून हजारों मुलें राबत होतीं. तीं अनाथ नव्हतीं, गुन्हेगारही नव्हतीं. त्यांना आईबाप होते आणि बहुधा तेही त्याच गिरणींत होते. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्यांनीं हा प्रश्न धसास लावला. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांच्या वतीनें अर्ज दिला. १८८१ च्या कारखाना कायद्यानें सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाला नऊ तास ही मर्यादा घातली. नऊ तास ही सवलत होती, हें ध्यानांत घ्यावें! १८९१ त किमान वय नऊ झालें, १९२२ त बारा, आणि १९४८ त चौदा. सात वरून चौदावर येण्यास सदुसष्ट वर्षें लागलीं. म्हणजे कायद्यानें मुलाचें बालपण साधारण दहा वर्षांस एक वर्ष या गतीनें वाढविलें.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत विचाराला खरें वळण लागलें. १९१९-२० च्या तुरुंग समितीनें मुलांसाठीं निराळीं न्यायालयें व निराळीं गृहें असावींत अशी शिफारस केली, आणि इंग्लंडच्या १९०८ च्या कायद्याच्या धर्तीवर मद्रासेंत १९२०, बंगालांत १९२२ व मुंबईंत १९२४ सालीं बालकांचे कायदे झाले. आतां गुन्हा केलेल्या मुलाबरोबर निराधार, भीक मागणारें, वाईट संगतींत सांपडलेलें, छळ सोसणारें मूलही कायद्याच्या छायेखालीं आलें. पण एकाच छपराखालीं दोघेंही आल्यामुळें, ज्याचा कांहींएक अपराध नाहीं त्यालाही लोक 'रिमांडचा पोर' म्हणूं लागले. डोंगरीच्या भिंतींनीं तेवढें काम चोख बजावलें.

याच काळांत समाजकार्य करणारा मनुष्यही बदलला. पूर्वी हें काम धर्मशील धनिकांचें, सुधारकांचें, मिशनऱ्यांचें होतें. १९३६ सालीं मुंबईंत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालें. नागपाड्याच्या वस्तींत काम केलेले अमेरिकन गृहस्थ क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. या देशांतील ही असली पहिलीच शाळा, आणि १९३७ सालीं तिच्या आश्रयानें बालमार्गदर्शनाचें चिकित्सालय सुरू झालें. न्यायालयाचा प्रोबेशन अधिकारी आतां मुलाच्या घरीं जाई. बाप काय करतो, खोलींत माणसें किती, शाळा कां सुटली, हें टिपून आणी. मुलाच्या कृत्याऐवजीं मुलाचा इतिहास न्यायाधीशापुढें येऊं लागला. दयेची जागा चौकशीनें घेतली. दया लहरी असते, चौकशी निदान सर्वांना सारखी असते. म्हणून हा लाभच म्हटला पाहिजे. मात्र दया करणारा जन्मभर त्याच मुलाजवळ राहूं शकतो, आणि चौकशी करणाऱ्याची बदली होते. कागदांची चळत वाढत गेली, आणि ती ज्याच्याविषयीं होती तो मुलगा दर वर्षीं नव्या अधिकाऱ्याला आपली तीच कहाणी पुन्हा सांगत राहिला.

स्वातंत्र्यानंतर काय झालें? १९४८ सालीं मुंबईचा कायदा नव्यानें झाला, राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमानें चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यांत व धोक्याच्या कामांत लावण्यास मनाई केली, १९६० सालीं केंद्रशासित प्रदेशांसाठीं बालक कायदा आला. कागद उत्तम होते. परंतु मुंबईच्या पत्रकार शीला बरसे यांनीं तुरुंगांतील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयांत नेला, तेव्हां १९८६ सालीं न्यायालयाला जिल्हा न्यायाधीशांना सांगावें लागलें कीं, तुरुंगांत जाऊन मुलें किती आहेत तें प्रत्यक्ष पाहा. मेरी कार्पेंटर येऊन गेल्यास तेव्हां एकशें वीस वर्षें झालीं होतीं! त्याच वर्षीं सर्व देशासाठीं बहुतांशीं एकच बालन्याय कायदा झाला आणि कोणत्याही सबबीवर मुलाला तुरुंगांत वा पोलीस कोठडींत ठेवूं नये असें त्यानें बजावलें.

१९८९ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं बालहक्कांची संहिता मान्य केली, १९९२ सालीं भारतानें ती स्वीकारली, आणि भाषाच पालटली. मूल आतां दयेचा विषय न राहतां हक्काचें धनी झालें. २००० च्या कायद्यानें 'गुन्हेगार बालक' हा शब्द काढून 'कायद्याशीं संघर्ष झालेलें बालक' असा शब्द आणला, आणि 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलें बालक' असा दुसरा वर्ग करून त्याच्यासाठीं बालकल्याण समिती नेमली. त्यापूर्वींच १९९६ सालीं मुंबईच्या टाटा संस्थेंतून १०९८ या दूरध्वनीची सेवा सुरू झाली होती. २०२३ पासून तिचा कारभार सरकारी यंत्रणेकडे गेला. पण तिचें मोठेपण यांत कीं, इतिहासांत प्रथमच मुलाला स्वतः हांक मारण्याची सोय झाली. तोंवर मुलाविषयीं सर्वजण बोलत, मुलाला कोणी बोलूं देत नसे.

आणि मूल बोलूं लागल्यावर त्यानें जें सांगितलें, तें ऐकण्याची आपली तयारी नव्हती. २००७ सालीं केंद्र सरकारनें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारण्यांत आलें. त्यांतील निम्म्याहून अधिक, शेंकडा ५३ मुलांनीं कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचें सांगितलें, आणि त्रास देणारांत निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे व विश्वासाचे होते. तोंवर बालसंरक्षण म्हणजे झोंपडपट्टीचा, फलाटाचा, लोकांच्या मुलांचा प्रश्न अशी आपण पांढरपेशांनीं सोयिस्कर समजूत करून घेतली होती. २०१२ चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा त्या समजुतीच्या दारावर धक्का देऊन आंत आला. मुलाला वाचवावयाचें तें कोणापासून, या प्रश्नाला आतां आपल्या दिवाणखान्यांतून उत्तर येऊं लागलें. 'घरचा मान' या शब्दाखालीं किती मुलें गप्प बसविलीं गेलीं असतील, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा.

इतिहास सरळ रेषेंत जात नाहीं, याचाही दाखला लगेच मिळाला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष प्रकारांतील एक आरोपी अठरा वर्षांस कांहीं महिने कमी होता, आणि त्याला तीन वर्षेंच सुधारगृहांत ठेवतां आलें. देशभर संताप उसळला, आणि २०१५ च्या कायद्यानें सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याबद्दल, प्राथमिक तपासणी करून, प्रौढाप्रमाणें खटला चालविण्याची वाट मोकळी केली. तो संताप खोटा नव्हता. परंतु एका भयंकर घटनेवरून सर्व मुलांसाठीं नियम करावा काय, हा प्रश्न संताप ओसरल्यावरही शिल्लक राहतो.

त्याच २०१५ च्या कायद्यांत मात्र एक वाक्य असें आहे कीं, त्याला मी या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष समजतों : मुलाला संस्थेंत ठेवणें हा अगदीं शेवटचा उपाय समजावा. आधीं त्याचें स्वतःचें कुटुंब सांवरावें. तें न जमल्यास नातलग, दत्तक, संगोपन करणारें दुसरें घर पाहावें. आणि कांहींच न साधल्यास मग संस्था. दीडशें वर्षें आपण भिंती बांधल्या, आणि अखेर कायदाच म्हणाला कीं भिंत शेवटीं! महाराष्ट्र सरकारची एक बालसंगोपन योजना आहे. आई किंवा बाप गमावलेलें, वा घरच्या संकटांत सांपडलेलें मूल आश्रमांत न पाठवितां घरींच वाढावें म्हणून त्याला सांभाळणाऱ्यास दरमहा कांहीं रक्कम मिळते. २०२३ पासून ती २,२५० रुपये केलेली आहे. त्या योजनेला सावित्रीबाई फुले यांचें नांव दिलें आहे. नांवें देण्याची आपल्याकडे हौस फार. पण येथें तें नांव अगदीं योग्य जागीं पडलें आहे.

आश्रमांनीं केलेलें काम मी हलकें लेखीत नाहीं. पंढरपूरचें गृह, पंडिता रमाबाईंचें केडगांव, अण्णासाहेब कर्व्यांचें हिंगणें, १९०९ सालीं निघालेलें पुण्याचें अनाथ विद्यार्थी गृह, यांनीं ज्यांना उभें केलें त्यांच्या चौथ्या पिढ्या आज सुखानें नांदत आहेत. अशा संस्थांना चार पैसे देणें हें आपल्या घरांतून पुण्यकर्म समजलें जातें, आणि तें तसें आहेही. पण आपली दानाची रीत मात्र तपासून पाहिली पाहिजे. नातवाच्या वाढदिवसाला आपण आश्रमांत जाऊन पन्नास मुलांना जिलबी वाढतों, त्यांच्या रांगेसह फोटो काढतों आणि समाधानानें घरीं येतों. त्या पन्नासांतील एकाचें तरी नांव आपल्याला दुसऱ्या दिवशीं आठवतें काय? त्यांतील कित्येकांची आई हयात असते. केवळ पोट भरत नाहीं म्हणून तिनें मूल तेथें ठेवलेलें असतें. धुणीभांडीं करणारी बाई मुलाला आश्रमांत घालावें म्हणून चिठ्ठी मागावयास येते, आणि आपण मोठ्या उत्साहानें ती लिहून देतों. मीही एकदां अशी चिठ्ठी लिहिली आहे. तें मूल घरींच राहावें म्हणून काय लागेल, हें विचारण्याचें मला त्या वेळीं सुचलें नाहीं. सुचलें असतें तर कदाचित् दोन हजार रुपये महिना आणि तालुक्याच्या कचेरींत दोन खेपा, एवढ्यावर भागलें असतें. बाई चिठ्ठी घेऊन पाया पडून गेली, आणि मला मात्र आपण एक मूल वाचविलें असें वाटलें.

मुलाला वाचवावयाचें तें कोणापासून, या प्रश्नाचीं उत्तरें आपल्या इतिहासानें पुष्कळ दिलीं : लाजेपासून, वाईट संगतीपासून, गिरणीच्या भोंग्यापासून, तुरुंगापासून, घरांतल्याच माणसापासून. त्या यादींत आणखी एक उत्तर घालावें असें मला वाटतें : आपल्या घाईच्या उपकारापासून. असली बाई पुन्हा आपल्या दाराशीं येईल तेव्हां चिठ्ठीचा कागद हातीं घेण्यापूर्वीं तिला बसावयास सांगावें, आणि पहिल्यानें एवढेंच विचारावें कीं, मुलाचें नांव काय?